पंधरा व्हॉल्व्ह शिल्लक असताना

गेल्या सहामाहीला आमच्या पेपरात एक प्रश्न होता. मोटारीच्या इंजिनातल्या टॅपेटचे प्रकार सांगा आणि त्यांची तुलना करा. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो सोडला. मी मात्र अडीच पानं लिहिली, आकृत्या काढल्या. पेपर परत देताना प्रोफेसरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. एका वाक्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही. पण ह्याहून चांगलं कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही."

ते वाक्य असं होतं: लोखंड तापलं की वाढतं, म्हणून त्याला वाढायला जागा ठेवावी लागते.

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी खाली बघत होतो. ते वाक्य माझं नव्हतं. ते जळगावातल्या एका मिस्त्रींचं होतं, आणि त्यांचं मी जे नुकसान केलं ते तोवर मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी पहिल्यांदा ठरवलं की जाऊन सांगायचं. ठरवलं खरं, पण प्रत्यक्ष जायला मला आणखी दोन महिने लागले. हेही लिहून ठेवलेलं बरं.

आमचं गाव पारोळ्याच्या बाजूला, कपाशी आणि ज्वारीचं. घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. इंग्रजी शाळेसाठी वडिलांनी मला जळगावला ठेवलं तेव्हा जी खोली मिळाली, तिच्या भिंतीला लागूनच आबांची पत्र्याची शेड होती. आबा म्हणजे हे मिस्त्री. ते आमच्याच बाजूचे, म्हणून वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, पोराकडे लक्ष असू द्या. आबांनी लक्ष ठेवलं म्हणजे काय, तर सात वर्षं संध्याकाळची भाकरी मी त्यांच्याच घरी खाल्ली. अक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, माझं ताट मांडूनच आबांना हाक मारायच्या.

शाळा सुटली की मी शेडमध्ये जाऊन बसायचो. आबांना अक्षरओळख नव्हती. पण इंजिनाला कान लावून ते कितव्या सिलिंडरचं काय दुखतंय ते सांगायचे. व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांच्यामध्ये जी बारीक फट ठेवायची असते, ती मोजायला त्यांच्याकडे पोलादी पत्त्यांचं गेज होतं. ते खिळ्याला टांगलेलं असे, आणि त्याच्यावर धूळ असे. आबा दोन बोटांत टॅपेट धरून हलवायचे, अंगठ्यानं दाबायचे, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "दहा." म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा. कधी एखाद्या ड्रायव्हरनं थट्टेनं पत्ती घालून पाहिली तर बरोबर दहाचीच पत्ती जायची. ड्रायव्हर म्हणायचा, "आबा, तुमच्या अंगठ्याले सरकारी शिक्का मारा." आबा म्हणायचे, "मंग तू काय, शिक्कानी दस्तुरी मांगशी?"

टॅपेटचे प्रकार मला त्यांनीच शिकवले, कॉलेजात जायच्या कितीतरी आधी. कॅम, म्हणजे दांड्यावरचा उंचवटा, फिरतो, तो टॅपेटला वर ढकलतो आणि टॅपेट व्हॉल्व्हला उघडतो, इतकंच काम. पण ते करायच्या तऱ्हा वेगळ्या. एक अगदी साधा, भरीव लोखंडाचा, कुत्र्याच्या छत्रीसारखा. त्याला वर स्क्रू असला तर फट कमीजास्त करता येते. काहींना स्क्रूच नसतो. त्यात फट हवी असेल तर व्हॉल्व्हची दांडीच टोकाला घासावी लागते, आणि घासलेलं परत येत नाही, म्हणून तिथे हात जपून. दुसरा प्रकार खाली चाक असलेला. तो त्यांनी कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमधल्या एका जुन्या ऑइल इंजिनात पाहिला होता. "हाऊ पाय घासत चालस," साध्या टॅपेटकडे बोट करून ते म्हणायचे, "आनि तो गाडीवर बशीसन चालस. झीज कमी, पन चाकनं दुखनं येगळं." फट का ठेवायची असं मी विचारलं तेव्हा त्यांनी ते वाक्य सांगितलं, आमच्या बोलीत. फट नसली तर तापल्यावर दांडी वाढते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. म्हणून भरीव टॅपेट थोडं टिकटिकणारच. ती टिकटिक ऐकून आबांना बरं वाटायचं.

शेडमध्ये त्यांचा एक रिवाज होता. इंजिन बंद करताना, म्हणजे टॅपेटवरचं झाकण लावताना, ते एकट्याच्या मनानं कधी लावायचे नाहीत. झाकण हातात घेऊन जो कोणी हजर असेल त्याला विचारायचे, "झाकू का?" त्यानं आत एकदा नजर टाकून "झाका" म्हटल्याशिवाय बोल्ट लागायचा नाही. ड्रायव्हर असो, मोटारीचा मालक असो, नाहीतर मी असो. एकदा मी आतमध्ये चिंधी राहिलेली पाहिली आणि "थांबा" म्हणालो. मी तेव्हा सहावीत असेन. तेव्हापासून मी असलो की आबा मलाच विचारायचे.

मॅट्रिक झालो, पुण्याला कॉलेजात गेलो. पहिलं वर्ष मला फार जड गेलं. लेक्चर इंग्रजीत, आणि ते कानावरून नुसतं वाहून जायचं. शेजारची मुलं हसायची तेव्हा मीही हसायचो, कशाला हसले ते न कळता. हे घरी कोणाला कळलं नव्हतं. घरी आणि जळगावात मी कॉलेजवाला होतो. सुट्टीत आलो की कोणी तार वाचायला आणायचं, कोणी औषधाची बाटली. मी आबांशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलायला लागलो होतो. ते माझ्याशी घरच्या बोलीत बोलायचे आणि मी उत्तर शाळेतल्या भाषेत द्यायचो. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट आहे. युरोपात लढाई सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. जळगावातल्या एका शेटजींची, त्यांचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता, मोठी अमेरिकन मोटार आबांच्या शेडमध्ये आली. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. चढावर दम लागतो म्हणून व्हॉल्व्ह घासून बसवायचे होते. ही मोटार चालू असताना आवाजच करायची नाही. आबांनी बॉनेट उघडून कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हिले टिकटिकच नही," ते म्हणाले.

शेटजी दारात खुर्ची टाकून बसले होते. ते अभिमानानं हसले. "नसणारच. एवढ्यासाठीच तर घेतली."

आबांनी इंजिन उघडलं, व्हॉल्व्ह काढले, जागेवर घासून साफ केले, परत बसवले. दुसऱ्या दिवशी टॅपेट लावायची वेळ आली. स्क्रू नव्हता. फट पाहिली तर एकाही टॅपेटला फट नव्हती. टॅपेट दांडीला चिकटून. आबांनी अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. तेव्हा शेटजी म्हणाले, "मोटारीबरोबर पुस्तक आलंय. ह्या कॉलेजवाल्याला वाचायला सांग की." मग माझ्याकडे वळून, "आपल्या बोर्डिंगात जायचंय ना तुला? बघू तुझं इंग्रजी."

पुण्यात आमच्या समाजाचं एक बोर्डिंग होतं. तिथं जागा मिळायला शेटजींचं पत्र लागायचं. मी ते मागितलं होतं आणि ते त्याच आठवड्यात मिळायचं होतं. पहिल्या वर्षी मी ज्या नातेवाइकांकडे राहिलो होतो, त्यांच्याकडे आता सोय नव्हती. पत्र नाही तर कॉलेज नाही, असं माझ्या मनानं सरळ धरून ठेवलं होतं.

पुस्तक जाड होतं. मी ते उभ्यानं उघडलं, पानं चाळली. बरेचसे शब्द मला येत नव्हते. पण टॅपेटचा शब्द सापडला, त्याच्यासमोर आकडा होता, आणि तो आकडा ओळखीचा होता. मी म्हणालो, "इथे लिहिलंय. फट दहाची ठेवायची. कमी असली तर दांडी घासायची."

"वा," शेटजी म्हणाले.

आबांनी पहिला व्हॉल्व्ह काढला, दांडीचं टोक तेलाच्या दगडावर घासलं, परत बसवला. फट आली नाही. पुन्हा काढला, पुन्हा घासला. तरी फट नाही. टॅपेट दांडीच्या मागोमाग वर आलं होतं. आबांनी त्याच्यावर अंगठा ठेवून दाबलं. ते लगेच बसेना. तेलानं भरलेला चामड्याचा बुधला दाबल्यावर जसा हळूहळू दबतो तसं ते सावकाश खाली गेलं, आणि अंगठा काढताच परत वर आलं.

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्याला कुतूहल म्हणावं की भीती, मला अजून ठरवता येत नाही.

"भाऊ, हाई येगळं शे. मी घासस आनि हाई वर येस. जित्तं शे हाई. देख ना, पुस्तकमा आखो काही लिखेल शे का?"

मी पुन्हा पुस्तक उघडलं. ह्या वेळी पुढचं पान उलटलं. आणि तिथे मला दिसलं.

पुस्तक एका मोटारीचं नव्हतं, त्या कंपनीच्या दोन मोटारींचं होतं. मी वाचलेलं पान सहा सिलिंडरच्या लहान मोटारीचं होतं. आठ सिलिंडरची मोटार पुढच्या पानापासून सुरू होत होती. तिथे टॅपेटची आकृती होती, पण ते टॅपेट भरीव नव्हतं. आत पोकळ, त्यात एक दट्ट्या, खाली स्प्रिंग, आणि तेल यायला एक भोक. त्याखाली काय लिहिलंय ते सगळं मला समजलं असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी समजण्याइतकं इंग्रजी मला येत होतं. फट ठेवू नये. आणि दांडीला हात लावण्याआधी तेल काढून मापं घ्यावीत.

सोळांपैकी एकच दांडी घासून झाली होती. पंधरा शिल्लक होत्या. ती एकसुद्धा फार घासलेली नव्हती, तिचं भागलं असतं. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं: आबा, थांबा, मी चुकीचं पान वाचलं.

शेटजी माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या ड्रायव्हरनं चहा आणला होता, तो त्यांनी बशीत ओतला होता आणि बशी हातात तशीच धरून ते वाट बघत होते. मला एवढंच दिसत होतं, की आता ह्यांना कळणार, ह्या मुलाला इंग्रजी येत नाही.

मी पान मागे उलटलं आणि म्हणालो, "तेच आहे आबा. दहा."

आबांनी दगड हातात घेतला. "नक्की ना भो?"

"नक्की."

त्यांनी मग माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. दगडावर तेल टाकलं आणि घासायला लागले. दट्ट्या वर येऊन येऊन शेवटी त्याच्या टोकाला पोहोचला आणि मग फट आली. आबांनी खिळ्यावरचं गेज काढलं, धूळ पुसली, दहाची पत्ती घालून पाहिली. अंगठ्यावर सोडलं नाही. एकेक करत सोळा दांड्या झाल्या. त्यात दुपार गेली. त्या सगळ्या वेळात मी तिथेच, पेटीवर बसलो होतो. दर दांडीला वाटायचं, आता सांगावं, अजून बारा आहेत. अजून नऊ. मग अजून चार राहिल्या, तेव्हा वाटलं की आता सांगून काय उपयोग. त्या वाटण्यानं मला बरं वाटलं, हेही मला आठवतं.

आबांनी झाकण हातात घेतलं. कपड्यानं पुसलं. आणि नेहमीसारखं मला विचारलं, "झाकू का?"

मी आत पाहिल्यासारखं केलं. "झाका, आबा."

मोटार सुरू झाली तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला. सोळाच्या सोळा खडखडत होती. आबांनी घाईनं बंद केली. तापल्यावर थांबेल म्हणून परत लावली, तापू दिली. थांबलं नाही. शेटजी खुर्चीवरून उठले.

"माझ्या मोटारीची बैलगाडी केलीस रे!"

शेटजी माझ्याकडे वळले. "तू बरोबर वाचलं होतंस ना?"

मी पुस्तक उघडलं. कोणतं पान उघडायचं ते मला आता नीट माहीत होतं. सहा सिलिंडरचं पान काढून मी आकड्यावर बोट ठेवलं. "हे बघा शेटजी. दहाच आहे."

शेटजींनी आकडा पाहिला, मान हलवली. आबांनीही वाकून पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहिला. मग म्हणाले, "पुस्तक खोटं कसं व्हई. मनाच हात चुकना."

नवे व्हॉल्व्ह अमेरिकेहून यायला हवे होते, आणि लढाईमुळे ते कधी येतील ते मुंबईचा व्यापारीही सांगेना. मोटार काही दिवस तशीच खडखडत जळगावात फिरली. ती रस्त्यानं गेली की लोक म्हणायचे, मिस्त्रीनं मुक्या मोटारीला वाचा फोडली. लोकांनी ते हसण्यावारी नेलं, पण हळूहळू मोटारी दुसरीकडे जायला लागल्या. शेटजींचा कारखाना, त्यांचे व्याही, त्यांचे मित्र, सगळ्यांचं काम गेलं. मला शेटजींनी पत्र दिलं. त्यात मी हुशार आणि विश्वासू आहे असं लिहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा शेड बंद होती. आबा आणि अक्का धुळ्याला गेले होते, एका सर्व्हिस मोटारवाल्याच्या, म्हणजे उतारू नेणाऱ्या बसवाल्याच्या गॅरेजात, नोकरीला. ज्या माणसानं कधी दुसऱ्याच्या छपराखाली हत्यार धरलं नव्हतं तो महिन्याच्या पगाराला बांधला गेला. खोलीच्या भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज येत नव्हता. मी पुस्तक उघडून बसायचो आणि वाचायचो काहीच नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी धुळ्याला गेलो नाही. गावी जाताना पारोळ्याला उतरायचो. धुळ्याची मोटार पुढे निघायची, मी तिच्याकडे पाठ करून उभा राहायचो. ह्या तीन वर्षांत मी इंग्रजी शिकलो, चांगलं शिकलो. बोर्डिंगातल्या ज्या खाटेवर बसून शिकलो ती त्या पत्रानं मिळालेली होती. आणि शेवटी तो पेपर आला, आणि त्यात ते वाक्य मी लिहिलं, आपलं म्हणून.

गेल्या महिन्यात मी आधी शेटजींकडे गेलो. आधी त्यांच्याकडे गेलो कारण ते सोपं होतं. आता त्यांच्या पत्राची मला गरज नव्हती. मी सगळं सांगितलं. शेटजींनी ऐकून घेतलं आणि हसले. "अरे, त्या मोटारीचं काय घेऊन बसलास. पेट्रोल कुठंय? चाकं काढून विटांवर ठेवलीय ती." मग विचारलं, "शेवटचं वर्ष ना तुझं? पुढं काय करणार?" मी म्हणालो, आबांना तुम्ही एकदा सांगाल का, की चूक त्यांची नव्हती? ते म्हणाले, "सांगेन की, भेटला तर." दारापर्यंत येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला गेलो. गॅरेज पांझरा नदीच्या अलीकडे, स्टँडच्या मागे. पेट्रोल नाही म्हणून सगळ्या मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसवलेल्या, आणि अंगणभर कोळशाचा चुरा. आबा एका मोटारीच्या बॉनेटमध्ये वाकलेले होते. केस पांढरे झाले होते. मी लांबच उभा राहिलो.

ते टॅपेट लावत होते. साधे, भरीव, वर स्क्रूचे. ह्या कामाला पूर्वी त्यांना पत्ती लागायची नाही. आता ते पत्ती घालत होते, काढत होते, इंजिन हँडलनं फिरवून पुन्हा घालत होते. मग जवळ उभ्या असलेल्या ड्रायव्हरला म्हणत होते, "तू देख रे." ड्रायव्हर पत्ती घालून म्हणायचा, "बराबर शे आबा." तरी आबा तिसऱ्यांदा बघायचे. एका टॅपेटला एवढा वेळ. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आबा, असं मोजशात तं पारोळानी पॅशिंजर पायी निंघी जाई."

आबांनी हसून मान वर केली, आणि मी त्यांना दिसलो.

"ये भो," ते म्हणाले. "मोठा साहेब व्हयना का नही अजून?"

मी म्हणालो, "आबा, माले तुमले काहीतरी सांगनं शे." कितीतरी वर्षांनी मी त्यांच्याशी घरच्या बोलीत बोललो. मग सांगितलं. पान, पुढचं पान, आकृती, शेटजींची बशी, सगळं. ड्रायव्हर आधी ऐकत होता, मग उगाच टायर बघायला गेला.

आबा बॉनेटच्या कडेला टेकले. हातातल्या चिंधीनं बोटं पुसत राहिले. बोटं पुसून झाली तरी पुसत होते.

"पंधरा राह्यल्या व्हत्यात तव्हय?"

"हां."

"आनि तुले दिसनं व्हतं."

"हां, आबा."

"मी तुले इचारं व्हतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "दोनदाव इचारं व्हतं. आनि झाकताना तिसरांदा."

मनी चूक व्हती, असं मी म्हणालो, पण ते इतकं हळू की त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांनी मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तसं काही झालं नाही. ते रस्त्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "तीन साल मी हाऊ अंगठा कोठे ठेवस, तेच माले समजे ना. आपला हात, आनि आपलेच भरवसा नही."

थोड्या वेळानं त्यांनी खालून कोळशाचा एक तुकडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "आते सांग. आतमा कसं शे ते."

मी फरशीवर बसून काढलं. पोकळ टॅपेट, दट्ट्या, खालची स्प्रिंग, तेलाचं भोक, भोकावर एक बारीक गोळी. सांगितलं की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते आणि फट मिटवते, मागे जी जागा होते तिच्यात तेल शिरतं. कॅमनं वर उचललं की गोळी भोक बंद करते, तेलाला बाहेर जायला वाट नसते, आणि कोंडलेलं तेल लोखंडासारखंच घट्ट होतं. दांडी तापून वाढली तर थोडं तेल पाझरून जातं आणि तिला जागा मिळते. भरीव टॅपेटला जी जागा आपण हातानं ठेवतो, ती हे स्वतःच ठेवतं. वर्गात मी हे इंग्रजीत लिहिलं होतं. इथे सांगताना प्रत्येक शब्दाला अडखळलो.

आबा उकिडवे बसून बघत होते. त्यांनी आकृतीतल्या दट्ट्यावर अंगठा ठेवला. कोळसा अंगठ्याला लागला.

"म्हंजे मी दाबं, आनि ते हयूहयू बसनं, ते तेल व्हतं."

"हां, तेल."

"मंग मना अंगठाले समजनं व्हतं," ते म्हणाले. "मी बोलनू व्हतू, जित्तं शे म्हनीसन." त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते की कोळशाचा चुरा गेला होता, मला विचारायचा अधिकार नव्हता.

ते उठले, परत बॉनेटमध्ये वाकले. चार टॅपेट राहिली होती. पत्ती मडगार्डवर पडली होती. त्यांनी ती उचलली नाही. दोन बोटांत टॅपेट धरून हलवलं, अंगठ्यानं दाबलं, डोळे मिटले. स्क्रू एवढासा फिरवून नट आवळला. दुसरं. तिसरं. ड्रायव्हर जवळ आला आणि म्हणाला, "आबा, पत्ती?"

"ऱ्हाऊ दे."

ड्रायव्हरनं पत्ती घेऊन स्वतः घालून पाहिली. मग पुढच्याला. त्यानं ती खिशात टाकली.

आबांनी झाकण पुसलं आणि दोन्ही हातांत धरलं. मी अगदी त्यांच्या शेजारी उभा होतो. माझी नजर आपोआप आत गेली, चिंधी राहिली नव्हती, सगळं जागेवर होतं. माझे ओठही उघडले होते. आबांनी माझ्यावरून नजर पलीकडे नेली आणि ड्रायव्हरला विचारलं,

"झाकू का रे?"

"झाका, आबा."

त्याच मोटारीनं मी परत निघालो. आबा निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, अक्कांनी तुझी आठवण काढली होती असं म्हणाले, पण घरी चल म्हणाले नाहीत. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसलो. इंजिन बारीक, एकसारखं टिकटिकत होतं. वाटेतलं फागणे गेलं, मुकटी गेलं. पारोळ्याला उतरेपर्यंत मी दुसरं काही ऐकलं नाही.